वाढप्यासाठी थांबलेलं जेवण

मी प्रभुभोजनाचा मेज बोलतोय. बोलतोय कसला, करवादतोय. इतकी वर्षं तोंडातून ब्र काढला नाही, पण आता अगदी नाकापर्यंत आलंय, म्हणून बोलायला लागलं.

आमच्या मंडळीबाहेरच्या, म्हणजे चर्चबाहेरच्या माणसाला आधी सांगायला हवं, की प्रभुभोजन म्हणजे काही मेजवानी नव्हे. भाकरीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. क्रूसावर प्राण देण्याआधी येशूने आपल्या माणसांना जवळ बसवून जेवू घातलं, त्याची ही आठवण. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना संपत आली की भाकर मोडायची, पेले फिरवायचे आणि सगळ्यांनी मिळून घ्यायचं. हे सगळं ज्याच्यावर मांडतात तो मी.

मला मंडळीतल्याच एका सुताराने घडवलं. एक जुनं गोदाम पाडत होते, तिथल्या फळ्या त्याने डोक्यावरून वाहून आणल्या. रंधा मारता मारता बायकोशी भांडला, जेवायला बोलावलं तर जेवला नाही, पण मला सरळ केलं. पुढच्या पट्टीवर त्याने ‘त्याच्या आठवणीसाठी’ अशी अक्षरं कोरली. ओळ उजवीकडे जरा उतरली आहे. हे त्याला कुणी दाखवलेलं आवडत नाही, म्हणून कुणी दाखवत नाही.

माझे पहिले दिवस फार चांगले गेले. दर महिन्याला माणसं माझ्यासमोर यायची आणि मी एकेकाला ओळखून होतो. खाटीक भाकर हातात घेतली की रडायचा, अगदी नेमाने, आणि मग रुमाल सापडायचा नाही. शिंपीण तबकातला मोठा तुकडा नजरेने आधीच हेरून ठेवायची आणि वेळ आली की लाजून लहान उचलायची. शाळामास्तर डोळे मिटून प्रार्थना करताना एक डोळा किलकिला ठेवायचे, वर्गातली सवय. कुणी परिपूर्ण नव्हतं. पण भूक लागलेली माणसं होती ती, आणि मला तेवढं पुरत होतं.

आणि आमच्याकडे एक रीत होती. भोजनाच्या आदल्या दिवशी भांडणं मिटवायची. ‘उद्या भोजन आहे, चल, मिटवून टाकू’ असं म्हणत माणूस माणसाच्या दारात जायचा. एका घरातल्या दोन जावा महिनाभर एकमेकींचं तोंड बघत नसत. पण शनिवार आला की धाकटी थोरलीकडे साखर मागायला जायची. घरात साखरेचा डबा भरलेला असायचा, हे थोरलीलाही ठाऊक होतं. तरी ती वाटी भरून द्यायची, आणि रविवारी दोघी शेजारी बसायच्या. सोमवारी पुन्हा सुरू, ते सोडा. पण महिन्यातून एकदा तरी सगळं धुऊन निघायचं.

भाकर भाजायची ती सिस्टरबाई. आयुष्यभर इस्पितळात नर्स होती, म्हणून हे नाव. पीठ मळण्याआधी कोपरापर्यंत हात घासायची, जणू ऑपरेशनला उभी राहतेय. रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन माझ्यावर पांढरं कापड अंथरायची, आणि सुरकुती राहिली तर मलाच दटावायची, “हलू नकोस रे.” मी कशाला हलतोय? पण मला आवडायचं ते. मला कुणी तरी घरचं समजतंय असं वाटायचं.

आमचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, साधे. बारा महिने सर्दी, आवाज बसलेला. खरं सांगतो, त्यांचे संदेश, म्हणजे रविवारची प्रवचनं, रटाळ असत, मी लाकूड असून पेंगायचो. पण कुणाच्या घरी ताप आला, कुणाचं बाळ गेलं, कुणाचा नवरा घर सोडून गेला की यांची जुनी स्कूटर दारात हजर. बोलता येत नसे, म्हणून नुसते बसून राहत. बसून राहणारा माणूस किती मोलाचा, हे मंडळीला तेव्हा कळत होतं.

मग मोबाईलमधून मोठे साहेब आले.

मोठे साहेब म्हणजे लांबच्या शहरातले नावाजलेले धर्मोपदेशक. बोलायचे छानच, ते नाकारून मी पापात पडणार नाही. आवाज असा की काच तडकावी, सूट असा की घडी मोडू नये, आणि येशूच्या गोष्टी सांगता सांगता स्वतःच्या गोष्टीवर कधी यायचे ते कळायचंही नाही. आधी एकाने फोनवर दाखवलं, मग दुसऱ्याने तिसऱ्याला पाठवलं. बघता बघता अख्खी मंडळी त्यांना डोक्यावर घेऊन नाचायला लागली. पाळक संदेश देत असताना बाकाखाली फोन धरून माणसं मोठ्या साहेबांचा संदेश बघत. म्हणजे देवळात बसून देवळात नसायचं, हे कसब मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

यात सगळ्यात पुढे होता सिस्टरबाईचा थोरला लेक. तो मंडळीच्या कमिटीचा सेक्रेटरी. माणूस वाईट नाही, खटपट्या आहे, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की शिरली. त्याने कमिटीला पटवून हॉलमध्ये मोठा पडदा बसवला, दर रविवारी साहेबांचा संदेश दाखवायला. पडद्यासमोर मी येत होतो. मग काय, चौघांनी मला उचललं आणि बाजूच्या खोलीत नेऊन ठेवलं, झाडू, बादल्या आणि मोडक्या पंख्याशेजारी.

तिथे माझ्यावर साहेबांच्या पुस्तकांचे गठ्ठे आले. प्रत्येक पुस्तकावर साहेबांचाच चेहरा, वेगवेगळ्या कोटांत. मग तेलाच्या बाटल्या आल्या. साहेबांनी त्यावर प्रार्थना केली होती म्हणे, आणि बाटलीवरही तेच हसताहेत. थोरली जाऊ ते तेल गुडघ्याला चोळायची आणि दर आठवड्याला सांगायची, की खूप फरक आहे. चालताना आधीसारखीच लंगडायची, तो भाग वेगळा. पुढे कुणाला तरी सुचलं, की माझ्या पुढच्या पट्टीला साहेबांचा बॅनर बांधावा. बांधणाऱ्याने असा बांधला, की वर ‘त्याच्या आठवणीसाठी’ ही अक्षरं आणि खाली साहेबांचा हसरा फोटो. धडधाकट माणूस, आणि पाहणाऱ्याला वाटावं की गेले. सिस्टरबाईने ते पाहिलं आणि इतकी हसली, इतकी हसली, की तिला धाप लागली. लेक मात्र चिडला. “आई, थट्टेचा विषय आहे का हा?” म्हणाला.

इथवर मी सहन केलं. पण त्यानंतर जे झालं त्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कमिटीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, की प्रभुभोजन एकदा तरी साहेबांच्या हातून व्हायला हवं, त्या हातांतला आशीर्वादच वेगळा. सगळ्यांनी माना डोलावल्या. सेक्रेटरीने साहेबांच्या असिस्टंटला फोन लावला. असिस्टंट म्हणाला, “बघू.” एवढ्या एका ‘बघू’वर कमिटीने त्या महिन्याचं भोजन पुढे ढकललं. पुढच्या महिन्यात पुन्हा फोन, पुन्हा ‘बघू’, पुन्हा पुढे. पाळकांनी भीत भीत विचारलं, की तोवर मी दिलं तर? तेव्हा खाटकासारखा भला माणूस त्यांना म्हणाला, की आता इतकं थांबलोय तर थोडं अजून थांबू, उगाच साधं कशाला घ्यायचं.

साधं! अरे बाबांनो, घर प्रभूचं, जेवण प्रभूचं, बोलावणं प्रभूचं. पाळक काय आणि मोठे साहेब काय, दोघंही वाढपी. वाढपी आवडीचा नाही म्हणून यजमानाचं ताट परत पाठवणारी माणसं मी कुठे पाहिली नव्हती, ती इथे पाहिली. मी त्या खोलीत कुरकुरलो, करकरलो. सेक्रेटरीला वाटलं वाळवी लागली. त्याने औषध मारलं.

महिन्यांमागून महिने गेले. भोजन नाही म्हटल्यावर आदल्या दिवशीचा शनिवारही राहिला नाही. धाकट्या जावेला साखर लागेना. शिंपीण आणि मास्तर एका गटारीवरून बोलेनासे झाले ते झालेच. मिटवायला तारीखच नव्हती ना. हॉल मात्र दर रविवारी भरायचा, पडद्यावर साहेब, आणि खाली बसलेली माणसं एकमेकांकडे पाठ फिरवून.

आणि सिस्टरबाई खंगत चालली होती. तिचं हृदय थकलं होतं. ती नर्सच, तिला कोण फसवणार? डॉक्टर गोलमोल बोलायला लागले, तर तिनेच त्यांना सांगितलं की किती उरलंय ते मला कळतंय. तिची इच्छा एकच होती. जाण्याआधी एकदा मंडळीबरोबर प्रभुभोजन घ्यायचं. पाळक म्हणाले, घरी येऊन देतो. ती म्हणाली, “घरी एकटीने जेवायला मी काय पथ्यावर आहे? सगळ्यांबरोबर घेईन.” मग लेकाला विनवलं, की या रविवारी ठेवा ना रे. लेकाने तिचे पाय चेपत सांगितलं, “आई, थोडी कळ काढ. साहेबांच्या हातून घे. बरीसुद्धा होशील.” हे त्याने मायेने सांगितलं, यात शंका नाही. पण ऐकून माझी फळी न् फळी दुखली. बाई दिवस मोजतेय आणि हा तारखा मोजतोय.

शेवटी साहेबांची तारीख मिळाली. काय तो गोंधळ! हॉलला रंग, बाकांना पॉलिश, रस्त्यापर्यंत कमानी. मला बादल्यांतून सोडवून पुढे आणलं, पुस्तकं उतरवली. सिस्टरबाईला उठवत नव्हतं, तिने खुर्चीत बसून सूनबाईकडून भाकर भाजून घेतली, दोनदा परत करायला लावून. पाळकांना कमिटीने एक काम दिलं, गाड्या नीट लावून घ्यायचं. ते गळ्यात शिट्टी अडकवून उन्हात उभे राहिले.

साहेब आले ते उशिरा आले. लोकांनी पायघड्या घातल्या, फुलं उधळली, बायका त्यांच्या कोटाला हात लावून तो हात लेकरांच्या डोक्यावर फिरवू लागल्या. गाणी चालू असताना साहेब माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. जवळून पाहिला तेव्हा माणूस दमलेला होता. डोळ्यांखाली पावडरच्या खाली काळं. असिस्टंटकडे झुकून हळूच म्हणाले, “हे गाव कुठलं?” असिस्टंटने सांगितलं. मग उठले आणि माईक हातात घेऊन म्हणाले, की या गावासाठी मी रात्र रात्र रडलोय. हॉल गहिवरला. मी कपाळाला हात लावला असता, पण हात नाहीत.

संदेश झाला, टाळ्या झाल्या. सिस्टरबाई चाकाच्या खुर्चीत पहिल्या रांगेत, ओठ निळसर, नजर माझ्यावरच्या भाकरीवर. सेक्रेटरी पुढे झाला आणि अदबीने म्हणाला, की साहेब, आता प्रभुभोजन, आपल्या हातून.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग असिस्टंटकडे. “हे मला कुणी सांगितलं नाही. माझं विमान आहे.”

“साहेब, आम्ही किती महिने थांबलोय आपल्यासाठी,” सेक्रेटरी म्हणाला.

“माझ्यासाठी? का?” साहेबांना खरंच कळेना. “तुम्हाला पाळक आहेत ना?”

बघा म्हणजे. ज्याच्यासाठी हे सगळे उपाशी बसले, त्याच्या गावीही नव्हतं. मला त्या क्षणी साहेबांचा राग यायचा तो मंडळीचाच आला. साहेब घड्याळ बघत निघाले आणि आख्खा हॉल त्यांच्यामागे निघाला. बाक पडले, चपला तुडवल्या गेल्या. सेक्रेटरी सगळ्यांत पुढे, साहेबांच्या डोक्यावर छत्री धरून. आईची खुर्ची ओलांडून गेला, हे त्याच्या लक्षातही आलं नसेल.

हॉल रिकामा झाला. राहिले ते ज्यांना धावता येत नव्हतं. सिस्टरबाई. खुर्ची धरून उभी असलेली सूनबाई. पाय अधू झालेला म्हातारा सुतार. आणि झोपलेलं बाळ मांडीवर असलेली शिंपीण, उठावं तर बाळ उठेल. तेवढ्यात मागच्या दाराने पाळक आत आले, घाम पुसत, गळ्यात शिट्टी.

“पाळकसाहेब,” सिस्टरबाई म्हणाली, “वाढा आता. भूक लागली.”

पाळकांनी दाराकडे पाहिलं. बाहेर हॉर्न वाजत होते. कमिटी काय म्हणेल, असं काहीसं ते पुटपुटले.

“कमिटीला मी बघते. तुम्ही हात धुऊन या.”

ते हात धुऊन आले, शिट्टी काढून खिशात ठेवली. मग माझ्यापाशी उभे राहून तिला म्हणाले, की मी भ्यालो, आधीच द्यायला हवं होतं, मला माफ करा. तिने मान हलवली, “झालं, मिटलं.” कितीतरी महिन्यांनी हा शब्द मी ऐकला. पाळकांनी भाकर मोडली. आवाज नेहमीसारखा बसलेला, मधेच खोकला. पण मी पेंगलो नाही. सुताराने घेतली, शिंपिणीने घेतली, सूनबाईने सासूच्या ओठाला पेला लावला. सिस्टरबाईने तुकडा चावायला फार वेळ घेतला. चावता चावता म्हणाली, “जरा करपलीच आहे ग.” आणि सासूसुना दोघी रडायला लागल्या.

सेक्रेटरी परत आला तेव्हा शर्ट घामाने भिजलेला, हातात साहेबांनी सही केलेलं पुस्तक. रिकामे पेले दिसले तसा त्याचा चेहरा पडला. “आई, घेतलंस? थांबायचं होतंस ना. असिस्टंट म्हणाला, पुढच्या वेळी नक्की. त्यांच्या हातून घेतलं असतंस.”

सिस्टरबाईने त्याला खुणेने खाली वाकायला लावलं आणि त्याच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला.

“ज्याचं जेवण, तो आत होता रे,” ती म्हणाली. “तुम्हीच सगळे बाहेर होतात.”

त्याच आठवड्यात ती गेली. हॉलमध्ये तिची शवपेटी ठेवली होती. सेक्रेटरीने साहेबांना कळवलं होतं. साहेबांना येणं शक्य नव्हतं, असिस्टंटने व्हिडिओ पाठवला. पडदा उजळला, साहेब हात जोडून म्हणाले, “आपल्या या प्रिय बंधूच्या जाण्याने मला अतिशय दुःख झालं आहे.” कुणाचाही अंत्यविधी असो, चालावा असा तो व्हिडिओ असणार. लोक खाली माना घालून ऐकत राहिले. एकालाही वाटलं नाही की बंद करावा, उलट दोघीचौघी ‘आमेन’ म्हणाल्या. सेक्रेटरी उठला आणि त्याने पडद्याची वायर भिंतीतून ओढून काढली. मग सगळ्यांत मागे दाराशी उभ्या असलेल्या पाळकांकडे गेला आणि त्यांचा हात धरून त्यांना आईपाशी आणलं. पाळक पेटीजवळ बसून राहिले, आणि तोही त्यांच्या शेजारी बसला.

सध्या मी हॉल आणि खोली यांच्या मधल्या दारात अडकून पडलोय. पेटीला जागा करायला मला पुन्हा त्या खोलीत सरकवलं होतं. तिथून सेक्रेटरी मला परत पुढे ओढत होता, सुतार बसल्या जागेवरून वाट सांगत होता, इतक्यात कमिटीतल्या दोघांनी अडवलं. पडदा झाकला जाईल, बैठकीत ठरू द्या, म्हणाले. तेव्हापासून येणारा-जाणारा माझ्या कोपऱ्यावर कंबर आपटतो आणि मलाच बोल लावतो. आणि हो, मंडळी आता दुसऱ्याच एका साहेबांचे व्हिडिओ बघायला लागली आहे, त्यांचा आवाज म्हणे आणखी मोठा आहे. काय बोलायचं यांना?

तरी बोलतो, कारण पुढचा पहिला रविवार जवळ आलाय. सूनबाई भाकर भाजणार आहे, तिने कुणाला न विचारता तसं जाहीर केलंय. मोडणार कोण, ते मला ठाऊक नाही आणि मला त्याचं काही नाही. पाळकांनी मोडावी, सुताराने मोडावी. मोठे साहेब आले तर त्यांनीही यावं, सगळ्यांसारखं रांगेत उभं राहून घ्यावं, त्यांनाही भूक असणारच. पण कुणासाठी थांबू मात्र नका. तुमच्यात अजून कुणाचं तरी हृदय थकत आलंय, कुणाच्या तरी घरात महिनोन् महिने अबोला आहे, आणि त्यांना तुमच्या तारखा परवडत नाहीत. या, बसा आणि जेवा. तो केव्हाचा वाढून बसलाय, आणि तुम्ही अजून गाडीमागे धावताय.